टाकी मोठी, नळ बारीक

अकोल्याच्या जठारपेठेत एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. गल्लीत सगळे त्यांना साहेब म्हणतात, आपणही तेच म्हणू. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. विहीर किती खोल, रान किती एकर, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, हे विचारल्याशिवाय मोटारीच्या कर्जावर त्यांनी कधी सही केली नाही. निवृत्तीनंतर घरामागच्या गाडीच्या शेडमध्ये त्यांनी सुतारकाम मांडलं. गाडी अंगणात उन्हात गेली आणि शेडमध्ये टेबल, करवती, रंधे, पटाश्या आल्या. एका जुन्या वाड्याच्या पाडकामातलं सागवान मिळालं, थोडं परतवाड्याहून आणवलं. पाट झाले, चौरंग झाला, नातीसाठी बुटकं टेबल झालं. हात बसू लागला तशी हत्यारांची भूक वाढली, जी या छंदात प्रत्येकाची वाढते.

समोरच्या घरी मॉड्युलर किचनचं काम चाललं होतं. तिथल्या पोरांनी पट्टीवर फेविकॉल लावायचा, हवेवर खिळे मारणारी गन टेकवायची, टक् आवाज, की पट्टी बसली. तोच बारीक खिळा हातोडीने ठोकताना साहेबांचा अंगठा सुजायचा आणि पट्टी उकलायची ती वेगळीच. त्या संध्याकाळी जेवताना ते पत्नीला, म्हणजे गल्लीच्या काकूंना, म्हणाले, "कॉम्प्रेसर घेऊन टाकू." काकूंनी फक्त विचारलं, "आवाज किती करतो?" हा सबंध खरेदीतला पहिला शहाणा प्रश्न होता. साहेबांनी तो ऐकला नाही.

पुण्याच्या पुतण्याने परदेशी सुतारांचे व्हिडिओ पाठवले. त्यात साठ गॅलनची उभी टाकी होती आणि भिंतीवरून फिरवलेल्या पाइपलाइनी होत्या. गॅलन म्हणजे लिटर किती, याचा हिशेब करण्यात एक रात्र गेली. दुकानांत गेले तर प्रत्येकाने वेगळ्याच आकड्यावर बोट ठेवलं. एक म्हणाला, एचपी बघा. दुसरा म्हणाला, टाकी बघा. तिसऱ्याने दाबाचा काटा दाखवला आणि सांगितलं, "साहेब, १२० पौंड हवा मारतं हे." कॉम्प्रेसरच्या दुकानात माणसाच्या नजरेत आधी टाकी भरते, कारण तीच सगळ्यात मोठी असते आणि रंगही तिलाच झकास दिलेला असतो. मिनिटाला बाहेर हवा किती येते हा आकडा पाटीच्या खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. आणि तोही बहुतेक वेळा जो हवा असतो तो नसतो.

साहेबांचं मन ३ एचपीच्या, १६० लिटर टाकीच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रावर बसलं. पाटीवर ११ सीएफएम लिहिलं होतं, म्हणजे मिनिटाला ११ घनफूट हवा. "एकदाच घ्यायचं तर मोठंच घ्यावं, पुढेमागे लागलं तर," असं ते स्वतःलाच समजावत होते. पुढेमागे लागलं तर! या तीन शब्दांवर अकोल्यातली किती कपाटं, किती मिक्सर आणि किती ट्रॅक्टर उभे आहेत, देव जाणे. बयाणा देण्याआधी एकच शंका उरली होती, की घरच्या सिंगल फेजवर हे चालेल का. ती विचारायला ते उमरीच्या रस्त्याला एका पॉलिशवाल्या मिस्त्रींच्या दुकानात गेले.

मिस्त्री दारं पॉलिश करत होते. भिंतीला टेकवलेल्या पाच-सहा दारांवरून त्यांची गन एकाच लयीत डावीकडून उजवीकडे जात होती. कोपऱ्यात त्यांचा जुना कॉम्प्रेसर धडधडत होता. बोलायला तो बंद करावा लागला. साहेबांनी यंत्राची पुस्तिका पुढे केली. मिस्त्रींनी ती पाहिलीच नाही.

"साहेब, एक पुसू का? तुमच्या गच्चीवर पान्याची टाकी केवढी आहे?"

"दोन हजार लिटर."

"आन उन्हाळ्यात नळ येते तवा धार केवढी असते?"

"करंगळीएवढी. तीही आली तर."

"मंग टाकी पाच हजाराची बसवली तं धार मोठी होईन का?"

महानच्या धरणातून काटेपूर्णेचं पाणी येण्याची वाट पाहत ज्याने बादल्या भरल्या आहेत, त्या अकोलेकराला याहून जास्त समजावावं लागत नाही. साहेब म्हणाले, "नाही होणार. टाकी एकदा भरली की रिकामी व्हायला वेळ लागेल, एवढंच."

"बस्स. हे पोट दिसते तुमाले ते साठवनाचं आहे. हवा देते ते वरचं डोकं. आन पिते ती गन. मले आधी सांगा, तुमच्या घरी पिनारं कोन, आन किती?"

साहेबांनी पाटीवरचे ११ सीएफएम सांगितले. मिस्त्री हसले. ते ११ म्हणजे पिस्टनने मिनिटाला जेवढी जागा झाडली त्याचा गुणाकार. तेवढी हवा नळीतून येत नाही. थोडी डोक्याच्या फटीतच उरते, थोडी व्हॉल्व्हमधून मागे फिरते, आत आलेली हवा तापून पसरते म्हणून मुळात कमीच भरते. अशा एकटप्पी छोट्या यंत्रातून त्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्के हवा हाती लागली तरी पुष्कळ. हाती लागते तिला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात, म्हणजे एफएडी. मिस्त्रींना हे इंग्रजी नाव पाठ होतं आणि पाटीवरच्या आकड्याचं 'डिस्प्लेसमेंट'ही पाठ होतं. दोन्ही शब्द ते फार चवीने उच्चारत.

मग त्यांनी गन खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमाले आठवत नसन. हा कॉम्प्रेसर घ्याले मी तुमच्याच टेबलावर कर्जासाठी आलो होतो. पाच एचपीचं कोटेशन घेऊन. तुमी म्हनले, एका महिन्यात किती दारं मारता ते लिहून आना. मले लय राग आला होता राजेहो. वाटलं, टाळून रायले. घरी जाऊन लिहिलं तं समजलं, मले तीन एचपी पुरून उरते. हप्ता किती कमी झाला, पाहा ना."

साहेबांना खरंच आठवत नव्हतं. अर्जदार विसरत नाही, अधिकारी विसरतो. ते पुस्तिका काखेत मारून घरी आले आणि बयाणा राहिला.

शेडमध्ये कालनिर्णय टांगलेलं होतं. त्याच्या तारखांच्या चौकटीत काकू दुधाच्या खुणा करत. साहेबांनी त्याच चौकटीत आपल्या खुणा सुरू केल्या. खिळे ठोकले की 'ख', पॉलिश केलं की 'प', भुसा फुंकून काढावासा वाटला की 'फ', घासकाम केलं की 'घ'. प्रत्येकासमोर अंदाजे किती वेळ, तेही. काकूंनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्या खुणांत माझं अर्धा लिटर जास्तीचं दूध हरवलं."

महिना सरला तेव्हा कॅलेंडर 'फ' आणि 'घ' यांनी भरलेलं होतं. 'ख' होते पुष्कळ, पण एका वेळी दहा-वीस खिळ्यांचे. 'प' कसेबसे दोन, आणि त्यातलंही एक पाटाचं, जे चिंधीने लाखेचं पॉलिश चोळून झालं होतं. ज्या फवारणीसाठी, पुढेमागे लागलं तर म्हणत, साहेब १६० लिटरची टाकी आणायला निघाले होते, ती महिनाभरात त्यांच्या हातून झालीच नव्हती. सगळा वेळ गेला होता घासण्यात.

कागद घेऊन ते पुन्हा उमरीच्या रस्त्याला गेले. आता त्यांचा नवा विचार होता, की घासकाम एवढं आहे तर हवेवर चालणारा सँडर घ्यावा, म्हणजे मोठं यंत्र सार्थकी लागेल. माणूस मोठ्या वस्तूसाठी कारण शोधायला लागला की त्याला ते सापडतंच. मिस्त्रींनी हिशेब तोंडी केला, साहेबांनी तो लिहून काढला.

हवेचा सँडर चालू असेपर्यंत मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा पीत राहतो. त्या ३ एचपीच्या यंत्रातून खरोखर मिळणार सात. घनफूट म्हणजे २८.३ लिटर. टाकी आठ बारला भरलेली, आणि काम पाच बारपर्यंत बरं चालतं असं धरलं, तर १६० लिटर टाकीतून साठ्याची म्हणून मिळते तीनपट, ४८० लिटर हवा. सँडर मिनिटाला ३४० लिटर मागतोय, डोकं २०० देतंय, उरलेली तूट साठ्यातून. तीन-साडेतीन मिनिटांत काटा खाली, मग थांबा. आणि मोटार? ती मात्र थांबतच नाही. ३ एचपी म्हणजे सव्वादोन हजार वॅट. तेच घासकाम विजेवरचा छोटा सँडर तीनशे वॅटच्या आसपास करतो. हवा दाबताना वीज उष्णतेत जाते. चालत्या कॉम्प्रेसरच्या डोक्यापासून टाकीकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळीला चुकून हात लागलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

"घासाले वीज, ठोकाले हवा," मिस्त्री म्हणाले. "आन भुसा फुंकायचं म्हनाल तं ते आदी सोडा. ब्रश घ्या."

राहिले खिळे. १८ गेजच्या बारीक खिळ्याला गन साधारण पाऊण लिटर हवा घेते. २४ लिटरच्या टाकीत आठ ते पाच बारच्या मध्ये ७२ लिटर. म्हणजे मोटार पुन्हा सुरूही न होता नव्वदेक खिळे. साहेबांच्या कॅलेंडरवर एका वेळचा मोठ्यात मोठा आकडा वीस होता.

तर अशी गोष्ट. २४ लिटर टाकीचा, १ एचपीचा, तेलाशिवाय चालणारा कमी आवाजाचा कॉम्प्रेसर ठरला. तेलाशिवायच्या यंत्राविरुद्ध मिस्त्रींचं मत कडक होतं. बिडाचं, तेलावर चालणारं डोकं कोणत्याही गॅरेजमध्ये उघडता येतं आणि नीट तेल बदललं तर वर्षानुवर्षं जातं, तर या नव्या यंत्रांच्या रिंगा झिजतात आणि सुटा भाग मिळेल की नाही ते दुकानदाराच्या मर्जीवर. ते खरंच आहे. पण तेलाचा बारीक अंश हवेबरोबर आला की पॉलिशवर गोल खड्डे पडतात, हेही खरं. शेवटी निकाल काकूंच्या जुन्या प्रश्नावर लागला. स्वस्तातला थेट जोडणीचा कॉम्प्रेसर नव्वद डेसिबलच्या घरात ओरडतो, हा साठ-सत्तरमध्ये राहतो. जठारपेठेतली घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि वरच्या मजल्यावर परीक्षेचा अभ्यास करणारा भाडेकरू आहे. दुपारी दोन वाजता नव्वद डेसिबल सुरू करणाऱ्याला गल्लीत साहेब म्हणणं लवकरच बंद झालं असतं.

दुकानदाराला साहेबांनी एफएडी विचारली. त्याने पाटी दाखवली. साहेब म्हणाले, "हे डिस्प्लेसमेंट झालं. आठ बारला बाहेर किती येते?" दुकानदाराने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, आतून पुस्तिका आणवली, पान उलटलं. आकडा होता, पाटीवरच्यापेक्षा बराच लहान. मग साहेबांनी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून पाहिली, टाकीच्या तळाचा पाणी सोडायचा कॉक फिरवून पाहिला आणि पैसे दिले. सगळी चौकशी पाच मिनिटांची.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मे महिना होता, पारा पंचेचाळिशीच्या वर. सगळ्या जठारपेठेचे कूलर चालू, व्होल्टेज पडलेलं. साहेबांनी स्वयंपाकघरातून दिव्याची बारीक एक्स्टेंशन वायर ओढून यंत्र शेडच्या टोकाला नेलं. मोटार नुसती हुं-हुं करायची, फिरायची नाही, आणि मग तापून आपोआप बंद पडायची. सुरू होताना मोटार चालतानाच्या पाच-सहा पट करंट मागते. लांब बारीक वायर तिला ते पोचू देत नाही. मिस्त्री आले, वायर पाहिली, डोक्याला हात लावला. "साहेब, वायर आखूड ठेवा, नळी लांब घ्या. हवेला थोडं चालून काही होत नाही." यंत्र बोर्डाशेजारी बसलं, जाड वायरीचा वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट झाला, हवेची नळी शेडच्या टोकापर्यंत गेली.

ब्रश घ्या हा सल्ला मात्र साहेबांनी मानला नव्हता. हातात हवेची पिस्तूल आली की माणूस फुंकतोच. एका सकाळी त्यांनी टेबल झकास फुंकून काढलं, आणि सागाचा तो पिवळा बारीक भुसा शेडच्या दारातून निघून अंगणातल्या खाटेवर गेला. खाटेवर ओल्या कुरडया होत्या. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी खाट उचलून शेडच्या दारात आडवी ठेवली आणि एकेक कुरडई साहेबांच्या हातात दिली, निवडायला. त्या दिवसापासून शेडमध्ये ब्रश आहे, आणि तोंडाला मास्क. कुरडयांवर बसतो तो भुसा दिसतो. छातीत जातो तो दिसत नाही.

खरी परीक्षा श्रावणात झाली. लेकीला गणपतीच्या आधी देव्हारा हवा होता. साहेबांना वाटलं, छोटं यंत्र असलं तरी एवढं होईल. त्यांनी साधी फवारणीची गन जोडली. अशी गन मिनिटाला आठ-दहा घनफूट मागते. पंचवीस सेकंदांत दाब उतरला, फवारा थुंकल्यासारखा उडू लागला. थांबून, टाकी भरू देऊन, पुन्हा मारून त्यांनी एक बाजू पुरी केली. संध्याकाळपर्यंत ती बाजू पांढुरकी पडली. हवा दमट, नळीत पाणी, आणि वर मेलामाईनचं पॉलिश. थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, पावसाळी हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि पॉलिशच्या आत अडकून बसतं.

मिस्त्रींना बोलवावं तर त्यांचं दुकान बंद. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात. त्या आठवड्यात त्यांची पोरं मंडळाच्या कावडीच्या चौकटी बांधण्यात गुंतलेली. सोमवार झाल्यावर ते आले, देव्हाऱ्यावरून बोट फिरवलं.

"टाकीतलं पानी कवा सोडलं होतं?"

साहेब गप्प.

"सोडाच म्हनून ठेवलं आहे ना खाली कॉक. आन श्रावनात मेलामाईन मारते का कोनी? हे घासून काढा. लाखेचं पॉलिश हातानं लावा, देवाले चालते. दार-बीर असन तं दसऱ्यानंतर माझ्याकडे घेऊन या."

कॉक उघडला तेव्हा पिवळसर पाण्याची पिचकारी आली. देव्हारा साहेबांनी चिंधीने चोळून केला आणि गणपतीआधी लेकीकडे पोचला. दसऱ्यानंतर घराचं एक दार मिस्त्रींकडे गेलं आणि आरशासारखं होऊन आलं. साहेबांनी रात्री वहीत मांडून पाहिलं. मोठ्या आणि छोट्या यंत्राच्या किमतीतला फरक मुदत ठेवीत होता, आणि दाराच्या पॉलिशची मजुरी त्याच्या वर्षाच्या व्याजात बसत होती. बँकेची सवय.

आता कोणी म्हणेल, गोष्टीचं तात्पर्य 'छोटं घ्या'. तसं मुळीच नाही. याच गल्लीतला एक पोरगा दारं-खिडक्या करून देण्याचा धंदा करतो. तो साहेबांचं पाहून छोटं यंत्र घ्यायला निघाला होता. साहेबांनीच त्याला अडवलं आणि महिनाभर लिहायला लावलं. त्याच्या कागदावर रोज 'प' होता, दिवसदिवसभर. त्याने ३ एचपीचंच घेतलं आणि त्याला तेच बरोबर आहे. त्याला आधी जुन्या बाजारातलं एक स्वस्त मिळत होतं. मिस्त्रींनी कॉक उघडून पाहिला तर पाण्याऐवजी गंजाचा लाल चिखल आला. अशी टाकी आतून किती झिजली आहे ते बाहेरच्या रंगावरून कळत नाही, आणि आठ बारला फुटलेली टाकी पत्र्याचे तुकडे चहूकडे फेकते. पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याचा कागद मागितला. विकणाऱ्याने विषय बदलला. पोराने विकणारा बदलला.

साहेब हल्ली रोज संध्याकाळी शेड बंद करताना टाकीचा दाब उतरवून कॉक उघडतात. उन्हाळ्यात काही निघत नाही, पावसाळ्यात दोन-चार चमचे पाणी निघतं. तुम्ही कॉम्प्रेसर घ्यायला निघाला असाल तर महिनाभर थांबा आणि घरच्या कॅलेंडरवर खुणा करा. मग दुकानात जाऊन एकच विचारा: आठ बारला बाहेर हवा किती येते, आणि ते पुस्तिकेत कुठे छापलं आहे? पान उघडून दाखवलं तर पुढचं बोलणं करा, नाही दाखवलं तर पुढचं दुकान गाठा.